ग्राहक मुलगा, लाभार्थी आम्ही : ज्येष्ठ-देखरेख यंत्रणेचे दहा महिने

गेल्या दिवाळीनंतर बंगळुरूच्या मुलाने आणि पुण्याच्या मुलीने मिळून कोल्हापुरातील राजारामपुरीच्या आमच्या घरात ज्येष्ठांसाठीची एक देखरेख यंत्रणा बसवून दिली, तिला आता दहा महिने झाले. मी ७४ वर्षांचा, वीज मंडळात अभियंता म्हणून नोकरी करून निवृत्त झालेला. पत्नी ७१ वर्षांची, दोन वर्षांपूर्वी न्हाणीघरात पाय घसरून खुब्याचे हाड मोडले तेव्हापासून काठीच्या आधाराने चालणारी आणि अलीकडे वार व नावे यांत थोडी गल्लत करणारी. आपल्यासारख्या घरांनी ही यंत्रणा घ्यावी का, असे ज्येष्ठ नागरिक संघातील मंडळी मला विचारत असतात, आणि दर वेळी तोंडी अर्धवट उत्तर देण्यापेक्षा एकदा नीट लिहून काढलेले बरे, म्हणून हा अभिप्राय. कंपनीचे नाव मी मुद्दाम देत नाही. उपकरणांच्या पाठीवरचे शिक्के पाहिले तर त्यांतील एकही तिने स्वतः तयार केलेले नाही, आणि जे दोष मी सांगणार आहे ते एका कंपनीचे नसून या धंद्याच्या रचनेतलेच आहेत, असे माझे मत झाले आहे.

संचात मनगटी घड्याळ, गळ्यात घालायचे बटण, गादीखाली पसरायची पट्टी, न्हाणीघराच्या भिंतीवरचे लहानसे रडार, औषधांचा डबा, मुख्य दारावरचा सेन्सर आणि पर्समध्ये ठेवायची जीपीएसची चकती अशा सात वस्तू आहेत, आणि या सातांचे ऐकून बाहेर कळवणारे एक मुख्य यंत्र दिवाणखान्यात बसवलेले आहे. उपकरणांचे २६,५०० रुपये एकरकमी आणि पुढे दरमहा २,९०० रुपये वर्गणी पडते. शस्त्रक्रियेनंतर आम्ही ब्युरोकडून रात्रीची मावशी ठेवली होती, तिचे एका रात्रीचे ६५० रुपये म्हणजे महिन्याचे साडेएकोणीस हजार होत. नुसता हिशेब मांडला तर यंत्रणा स्वस्तच आहे. पण मावशी हात धरून उठवत असे आणि यंत्रणा फक्त कळवते, हा फरक त्या हिशेबात धरायला हवा.

कोणाला कळवते, हा प्रश्न पहिल्याच दिवशी निघाला. बसवायला आलेला तरुण इचलकरंजीचा, अतिशय नम्र आणि हाताने सफाईदार होता. काम आटोपल्यावर मी माझा फोन पुढे केला आणि त्यावरही अ‍ॅप घालून द्यायला सांगितले. तो म्हणाला, "काका, लॉगिन फक्त ग्राहकाला मिळतं." मी विचारले, "मग मी कोण?" त्याने टॅबवरचा अर्ज वर-खाली करून पाहिला आणि म्हणाला, "तुम्ही लाभार्थी." रेशनच्या दुकानात आणि सरकारी योजनांच्या यादीत ऐकलेला हा शब्द आपल्याच शयनगृहात उभे राहून ऐकावा लागेल, असे मला वाटले नव्हते. पैसे मुलगा भरतो म्हणून ग्राहक तो. नाडी आमची, झोप आमची, न्हाणीघर आमचे, पण त्याची नोंद पाहण्याची सोय आम्हाला नाही. पुढे ज्या ज्या उपकरणाने त्रास दिला, त्याच्या मुळाशी हीच एक गोष्ट मला सापडली.

घड्याळापासून सुरुवात करतो. पडणे ओळखण्याची सोय अ‍ॅपलने २०१८ मध्ये आपल्या घड्याळात आणली आणि आता ती साध्या घड्याळांतही मिळते. माणूस पडताना शरीर क्षणभर अधांतरी असते, मग जोराचा धक्का बसतो आणि नंतर हालचाल थांबते. या तिन्ही गोष्टी एका ओळीने घडल्या की घड्याळ पडल्याचा निष्कर्ष काढते. अडचण अशी की म्हातारी माणसे पुष्कळदा अशी धाडकन पडतच नाहीत. भिंतीला किंवा पलंगाच्या कडेला धरत धरत हळूहळू खाली घसरतात, आणि त्या घसरण्यात धक्का नसतो. फेब्रुवारीत पत्नी पलंगावरून तशी घसरून जमिनीवर बसली तेव्हा घड्याळ गप्प राहिले. मात्र खलबत्त्यात वेलदोडे कुटताना दोनदा थेट बंगळुरूला फोन गेला. शिवाय ती आंघोळीला जाताना घड्याळ काढून ठेवते. त्यात पाणी शिरत नाही हे तिला दहा वेळा सांगून झाले, पण अंगावरचे काढून ठेवून आंघोळ करायची ही साठ वर्षांची सवय आहे, आणि पडण्याची भीती सर्वांत जास्त तिथेच. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसे पडून मृत्यू पावतात आणि त्यांत साठी ओलांडलेल्यांचे प्रमाण सर्वाधिक असते. पडल्यावर तासाहून अधिक काळ तसेच पडून राहावे लागले तर दाबले गेलेले स्नायू खराब होऊन मूत्रपिंडांना इजा होऊ शकते, म्हणजे पडण्याइतकेच घातक असते ते कोणाला न कळणे. ज्याचे मुख्य काम हे कळवणे आहे ते घड्याळ नेमके न्हाणीघराबाहेरच्या खुंटीवर लटकत असेल, तर त्याचा उपयोग काय?

त्यासाठी न्हाणीघरात रडार आहे, आणि संचातील सर्वांत हुशार वस्तू तीच, असे माझ्यातील अभियंत्याला आजही वाटते. ते कॅमेऱ्यासारखे चित्र घेत नाही. बारीक रेडिओलहरी सोडून त्या परत कशा येतात त्यावरून खोलीत माणूस आहे का, उभा आहे की आडवा, एवढेच ते ओळखते. अंधारातही ते चालते. न्हाणीघरात कॅमेरा लावायचा विषय निघाला असता तर पत्नीने ती सगळी यंत्रणाच पेटीत भरून परत पाठवली असती. रडारला ती तयार झाली. पण पहिल्या अकरा दिवसांत त्याने तेवीस खोट्या सूचना दिल्या, आणि कारण शोधताना मला हसावे की रडावे ते कळेना. पत्नी चौरंगावर बसून, बादलीतले पाणी तांब्याने घेऊन आंघोळ करते. जमिनीपासून वीतभर उंचीवर बसलेला माणूस त्या रडारच्या लेखी पडलेला माणूस होता. ज्यांनी त्याला शिकवले त्यांच्या देशात आंघोळ उभ्याने किंवा टबात करतात आणि जमिनीवर माणूस दिसला तर तो संकटातच असतो. हेच यंत्र आमच्या स्वयंपाकघरात बसवले असते तर मेथी निवडणे हीसुद्धा दुर्घटना ठरली असती.

कंपनीने यावर जो उपाय केला तो रोगापेक्षा वाईट होता. माणूस वीस मिनिटे खाली दिसला तरच सूचना द्यायची, असा बदल त्यांनी दूर बसून करून टाकला आणि तो मुलाला कळवला. आम्हाला कळवला नाही, कारण आम्ही लाभार्थी. खोट्या सूचना थांबल्या म्हणून सगळे खूश होते, आणि खरोखर पडल्यावर वीस मिनिटे ओल्या फरशीवर पडून राहावे लागेल हे कोणाच्या लक्षात आले नव्हते. मला ते महिन्याभराने, मुलाच्या बोलण्यातून सहज समजले. मग मी चौरंग माळ्यावर टाकला, हातांची प्लॅस्टिकची उंच खुर्ची आणली (अस्थिरोगतज्ज्ञांनी ती शस्त्रक्रियेनंतर लगेचच सुचवली होती, हा आमचा आळस) आणि वेळ पुन्हा दोन मिनिटांवर आणायला लावली. जुलैत पत्नीला आंघोळीच्या मधेच चक्कर आली आणि ती खाली बसली, तेव्हा दोन मिनिटांनी दिवाणखान्यातले यंत्र ओरडले व मी दार उघडून आत गेलो. ते एक काम त्याने चोख केले. तरीही मी लक्ष्मीपुरीतून ३४० रुपयांचे सामान आणून न्हाणीघरात ओढायची दोरी आणि तळमजल्यावरच्या शिंप्याच्या दुकानात घंटा बसवली आहे. दोरी पार जमिनीपर्यंत सोडलेली आहे, म्हणजे पडलेल्या माणसाचाही हात पोहोचतो. तिला बॅटरी लागते, इंटरनेट लागत नाही.

गादीखालच्या पट्टीची गंमत वेगळीच. हृदयाच्या प्रत्येक ठोक्यासरशी रक्त पुढे ढकलले जाते आणि त्याच्या प्रतिक्रियेने सबंध शरीर अगदी किंचित हलते. ते हलणे गादीतून टिपून ही पट्टी नाडीचा वेग, श्वास आणि रात्री किती वेळा उठणे झाले ते मोजते. अंगाला काहीही चिकटवावे लागत नाही, हा तिचा मोठा गुण. मार्चपर्यंत सारे सुरळीत होते. एप्रिलपासून मुलगा रोज सकाळी फोन करून आईच्या झोपेची चौकशी करू लागला, कारण अ‍ॅपवर ती रात्रीतून तीन-तीन वेळा उठत असल्याचे दिसत होते. पत्नी सांगे, "अरे, मी एकदाच उठते." मुलाचा विश्वास बसेना, स्मरणशक्तीच्या तक्रारीमुळे तर नाहीच बसेना. मुलीने पुण्याच्या डॉक्टरांची वेळ घेण्यापर्यंत मजल गेली. मे महिन्यात पत्नी दोन रात्री बहिणीकडे इचलकरंजीला राहायला गेली आणि तरीही अ‍ॅपवर ती आमच्याच पलंगावर शांतपणे श्वास घेत होती. उन्हाळा लागल्यावर खिडकीचा वारा तिला मिळावा म्हणून आम्ही पलंगावरच्या जागा बदलल्या होत्या, आणि महिनाभर जी तिची झोप म्हणून तपासली जात होती ती माझी होती. ती नोंद आम्हा दोघांपैकी एकाला जरी दिसली असती, तरी पहिल्या दिवशीच सांगता आले असते. ज्या माणसाची माहिती आहे तोच ती चूक की बरोबर हे सर्वांत आधी ओळखू शकतो, एवढी साधी गोष्ट या रचनेत कोणाला सुचलेली नाही.

औषधांच्या डब्याबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. आठवड्याच्या गोळ्या पाकिटातून काढून खणांत भराव्या लागतात, अर्धी गोळी ठेवली तर चालते, चूर्ण किंवा काढा ठेवता येत नाही. थायरॉइडची उपाशीपोटी घ्यायची गोळी आता चुकत नाही, हे खरे. डबा मराठीत बोलतो अशी जाहिरात आहे. तो रोज सकाळी "कृपया आपले औषध ग्रहण करावे" असे गंभीर आवाजात सांगतो. पत्नीने पहिल्या दिवशी विचारले, "ग्रहण म्हटलं, म्हणजे आता गोळी घ्यायची की ग्रहण सुटल्यावर?" हे वाक्य ज्याने लिहिले त्याने ते मराठी माणसाला वाचून दाखवले नसावे.

आता विजेबद्दल, कारण तो माझा विषय आहे. मुख्य यंत्राची बॅटरी आठ तास चालते, वायफाय बंद पडले तर आतल्या सिमवरून निरोप जातो, आणि एवढ्यावर विक्रेता समाधानी होता. मी त्याला विचारले की पंचगंगेची राजाराम बंधाऱ्यावरची धोक्याची पातळी ४३ फूट असते आणि ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेले, वीज उपकेंद्रांत पाणी शिरले, शिरोलीजवळ महामार्ग कित्येक दिवस बंद होता, २०२१ च्या जुलैतही तेच झाले. तेव्हा आठ तासांनंतर तुमची यंत्रणा काय करते? राजारामपुरी उंचावर आहे, आमच्या दारात पाणी येत नाही, पण वीज आणि फोनचे मनोरे काही आमच्या गल्लीपुरते वेगळे नाहीत. पुरात मुले महामार्गाच्या पलीकडे अडकलेली असतात आणि यंत्रणेवर भिस्त ठेवायची वेळ नेमकी तेव्हाच येते. त्याच्याकडे उत्तर नव्हते, आणि ते त्याच्याकडे असावे अशी अपेक्षाही चूक होती.

खरा दोष मात्र मे महिन्यातल्या एका वळिवाने उघडा पाडला. झाड पडून तार तुटली, वीज संध्याकाळी सहाला गेली ती दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला आली. यंत्राची बॅटरी रात्री दोनच्या सुमारास संपली. सकाळी मुलाला विचारले, तर त्याच्या अ‍ॅपवर रात्रभर हिरवा दिवा आणि "सर्व ठीक" असा मजकूर होता, कारण अ‍ॅप शेवटी मिळालेली स्थितीच दाखवत राहते. हे मी माफ करू शकत नाही. आमच्या खात्यात पस्तीस वर्षे आम्ही एकच गोष्ट शिकलो आणि शिकवली, की संरक्षणाचे उपकरण बंद पडले तर ते बंद पडलेले दिसले पाहिजे. ज्या दिव्याला बिघाड आणि सुरळीतपणा यांतला फरक कळत नाही, तो दिवा नसलेला बरा. यंत्राशी संपर्क तुटला हीच सर्वांत मोठी सूचना मानायला हवी. कंपनीने आता संपर्क तुटल्यावर तासाभराने संदेश पाठवण्याची सोय केली आहे. एक तास जास्तच आहे, पण काही नसल्यापेक्षा बरी. विकत घेणाऱ्याने बसवायच्या दिवशीच मुख्य यंत्राचा स्विच बंद करून, बॅटरी काढून, मुलाच्या फोनवर काय दिसते ते पाहावे.

सूचना गेल्यावर पुढे काय होते, त्याचीही मी घड्याळ लावून चाचणी घेतली. मूळ क्रम असा होता : आधी ग्राहकाला फोन, मग दुसऱ्या नातेवाइकाला, मग परराज्यातील मदत केंद्राला, आणि मदत केंद्र स्थानिक रुग्णवाहिका शोधणार. मुलगा बैठकीत असल्याने फोन घेईना, मुलगी गाडी चालवत होती, आणि केंद्रातील बाई हिंदीत पिनकोड विचारत होत्या. माउली पुतळ्यापासून कितवी गल्ली, हे त्यांना समजावून सांगेपर्यंत चौदा मिनिटे झाली. एवढ्या वेळात मी स्वतः १०८ ला फोन केला असता. मी क्रम उलटा करून मागितला : आधी घरातल्याच यंत्रातून आम्हाला विचारा की ठीक आहात का, उत्तर आले नाही तर खालच्या शिंप्याला, मग समोरच्या घरी, आणि मग मुलांना. कंपनीने आधी नकार दिला, करारात पहिला फोन ग्राहकाला लिहिलेला आहे म्हणून. मुलाने लेखी कळवल्यावर बदल झाला, आणि पुढच्या चाचणीत दोन मिनिटांत शिंपी हातातल्या टेपसकट जिन्यावर हजर झाला.

जीपीएसची चकती मी जवळजवळ सोडूनच देतो. मंगळवारी आणि शुक्रवारी अंबाबाईच्या देवळात जाण्याचा पत्नीचा नेम आहे. महाद्वार रोडच्या गर्दीत आणि जुन्या इमारतींच्या मधे ती चकती तिला कधी जोतिबा रोडला तर कधी बिंदू चौकात दाखवते. स्मरणशक्ती अधिक बिघडल्यावर तिचा उपयोग होईल, आज ती पर्समधले एक ओझे आहे.

मधल्या काळात एका मित्राला पाहायला पन्हाळ्याच्या रस्त्यावरील एका निवासी शुश्रूषा केंद्रात जाणे झाले, तेव्हा हीच पट्टी आणि हेच बटण तिथे वापरताना पाहिले, आणि घरापेक्षा तिथे ते कितीतरी चांगले चालते असे कबूल करायला हवे. कारण उघड आहे : सूचना दहा पावलांवर बसलेल्या सिस्टरला जाते. अंथरुणातून उठायच्या बेतात असलेल्या आजोबांपाशी, ते उभे राहण्याआधीच, सिस्टर पोहोचते. दर दोन तासांनी कूस बदलल्याची नोंद टॅबवर होते, त्यामुळे पाठीला जखमा होण्याचे प्रमाण कमी झाल्याचे तिथल्या मावशी सांगत होत्या. फक्त रात्री अठरा खाटांना एकच मावशी आहे, आणि दोन खाटांवरून एकाच वेळी सूचना आल्या तर काय, या प्रश्नावर व्यवस्थापक पुढच्या वर्षी येणाऱ्या रोबोबद्दल बोलू लागले. जपानमध्ये सीलच्या पिलासारखा दिसणारा पारो नावाचा रोबो १९९३ पासूनच्या संशोधनातून तयार झाला आणि स्मृतिभ्रंश झालेल्या माणसांना तो कुरवाळून शांत वाटते, हे मी वाचलेले आहे. पण तो कूस बदलत नाही. त्याच्या किमतीत दुसरी मावशी किती महिने ठेवता येईल, एवढे मी त्यांना विचारले.

तंत्रज्ञानाबद्दल मला आकस आहे, असा समज होऊ नये. निवृत्तिवेतनासाठी दरवर्षी हयातीचा दाखला द्यायला बँकेत रांग लावण्याचे दिवस मी पाहिले आहेत. जीवन प्रमाण हा डिजिटल दाखला २०१४ मध्ये आला, २०२१ पासून फोनसमोर चेहरा धरूनही तो दाखला देता येऊ लागला, आणि आता ते काम मी खुर्चीतून न उठता करतो. ती सोय मला आवडते, कारण तीत मी जिवंत आहे हे मी स्वतः सांगतो. देखरेख यंत्रणेत ते माझ्याबद्दल दुसऱ्या कोणाला तरी सांगितले जाते. २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्याचा पायाच असा आहे की ज्याची माहिती त्याची संमती हवी आणि ती माहिती पाहण्याचा हक्कही त्याचाच. आमच्या करारावर सही फक्त मुलाची आहे. पत्नीची संमती कोणी विचारली नाही, आणि तिला वार आठवत नाहीत म्हणून ती विचारायचे कारण नाही, असेही कोणी म्हणू नये.

नूतनीकरण पुढच्या महिन्यात आहे. घड्याळ आणि चकती परत करणार आहे. रडार, पट्टी, औषधांचा डबा, दाराचा सेन्सर आणि गळ्यातले बटण ठेवणार आहे, त्याने वर्गणी २,१०० रुपयांवर येते. संपर्क तुटल्याची सूचना तासाऐवजी पंधरा मिनिटांत हवी, अशी अट लेखी घातली आहे, तिचे उत्तर अजून आलेले नाही. दुसरी अट मात्र मान्य झाली : गेल्या आठवड्यात दोन जादा लॉगिन मिळाली, एक माझ्या फोनवर आणि एक पत्नीच्या. पट्टी अजून माझ्याच बाजूला आहे. काल सकाळी चहा घेताना तिने चष्मा लावून बराच वेळ फोन पाहिला आणि म्हणाली, "अहो, रात्री तीनदा उठलात, आणि मला सांगता झोप छान लागली."